जुन्या तिकिटावर नवं राज्य

हिरव्या रंगाचं, बोटाच्या पेराएवढं तिकीट. मधोमध कोट घातलेला एक तरुण, केस एका बाजूला वळवलेले. किंमत २ सेंटाव्हो. तरुणाच्या चेहऱ्याला कुणी हात लावलेला नाही, पण आजूबाजूच्या मजकुरावर जाड काळ्या पट्ट्या मारल्या आहेत. तिकीट उजेडात धरलं की पट्टीखाली दडवलेली अक्षरं लागतात: ‘युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका’.

हे तिकीट मनिलाच्या पोस्टात ४ मार्च १९४२ रोजी विक्रीला आलं. २ जानेवारीला जपानी सैन्य शहरात शिरलं होतं. दोन महिन्यांत नवी तिकिटं कोरून, छापून घ्यायला सवड कुणाला होती? गोदामात अमेरिकी तिकिटांचे गठ्ठे पडून होते. ते बाहेर काढले, जुन्या मालकाचं नाव पुसलं आणि खिडकी उघडली. कोटातला तरुण म्हणजे फिलिपिनो कादंबरीकार होसे रिझाल. त्याला स्पॅनिशांनी १८९६ मध्ये गोळ्या घातल्या, अमेरिकनांनी तिकिटावर बसवलं आणि जपान्यांनी तिथंच राहू दिलं.

जुन्या तिकिटावर नवा मजकूर छापण्याला तिकिटं जमवणारे ओव्हरप्रिंट म्हणतात. आपल्याकडच्या संग्राहकांना ते नवं नाही. शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानाची तिकिटं म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचीच तिकिटं, राणी व्हिक्टोरियाच्या चेहऱ्यावर संस्थानाचं नाव इंग्रजीत आणि देवनागरीत छापलेली. पण तिथं तो दोन दरबारांतला रीतसर करार होता. फिलिपिन्समध्ये ओव्हरप्रिंट आला की समजायचं, कुणीतरी हरलं आहे. तिथल्या सव्वाशे वर्षांच्या राजकारणाचा सांगाडा या वरून मारलेल्या शब्दांतून उभा करता येतो. म्हणून या प्रकरणात सुंदर, बहुरंगी तिकिटं फारशी नाहीत. डागाळलेली, खाडाखोड केलेली जास्त आहेत आणि मला तीच जास्त आवडतात.

सुरुवात मात्र कोऱ्या कागदावर झाली. स्पॅनिश सेनानी लेगास्पी १५६५ मध्ये ही बेटं ताब्यात घ्यायला आला, तेव्हापासून तिथं स्पेनचा अंमल होता. पहिली तिकिटं १ फेब्रुवारी १८५४ रोजी निघाली, म्हणजे अखिल हिंदुस्थानासाठी कंपनी सरकारनं काढलेल्या तिकिटांच्या आठ महिने आधी. चार किमती होत्या: ५ आणि १० क्वार्टो, १ आणि २ रियाल. चारही तिकिटांवर राणी इसाबेला दुसरी. देशाचं नाव कुठंच नाही. राणीचा चेहरा असला की मुलूख कुणाचा हे सांगावं लागत नाही, असा त्यामागचा हिशेब असावा.

ही तिकिटं मनिलातच कोरली गेली. एका पत्र्यावर चाळीस तिकिटं, आणि चाळिसातलं प्रत्येक हातानं वेगळं कोरलेलं. त्यामुळं राणीचं नाक प्रत्येक तिकिटावर थोडं वेगळं आहे. कुठं ती चिडलेली दिसते, कुठं झोपेतून उठल्यासारखी. १ रियालच्या पत्र्यावर कोरणाऱ्याचा हात एका जागी घसरला आणि ‘कोर्रेओस’ऐवजी ‘कोर्रोस’ उमटलं. टपाल हा एवढा एकच शब्द, त्यातलं एक अक्षर गळालं. चाळिसांत एक अशा हिशेबानं ही चूक बाहेर पडत राहिली. आज फिलिपिन्सच्या संग्रहात तिला मानाचं पान आहे.

सप्टेंबर १८६८ मध्ये स्पेनमध्ये क्रांती झाली आणि इसाबेला राणी फ्रान्सला पळाली. मनिलाच्या पोस्टात तिच्या चेहऱ्याची तिकिटं तशीच शिल्लक होती. ती जाळायची की विकायची? स्पॅनिशांनी मधला मार्ग काढला. राणीच्या तोंडावर ‘आबिलितादो पोर ला नासियोन’ असा काळा शिक्का मारला. राष्ट्रानं चालवून घेतलेलं, असा त्याचा आशय. राजद्रोह झाला आणि कागदही वाया गेला नाही. फिलिपिन्समधल्या ओव्हरप्रिंटची परंपरा इथून सुरू होते, आणि गंमत म्हणजे ज्या ‘राष्ट्रा’चं नाव त्यावर होतं ते फिलिपिनो नव्हतंच.

पुढं स्पेनमध्ये राजे परत आले. १८८६ मध्ये जन्मलेला अल्फोन्सो तेरावा जन्मतःच राजा होता, कारण बाप आधीच वारला होता. त्यामुळं १८९० पासून फिलिपिन्सच्या तिकिटांवर एक बाळ दिसू लागलं, गोल डोक्याचं, केस जेमतेम उगवलेलं. संग्राहक या मालिकेला ‘बेबी हेड’ म्हणतात. क्रांतीची तयारी सुरू झाली ती या बाळाच्या राज्यात. रिझालला मिंदानाओतल्या दापितानला हद्दपार करण्यात आलं, त्याच सुमारास ७ जुलै १८९२ रोजी आन्द्रेस बोनिफासियो आणि सोबत्यांनी कातिपुनान ही गुप्त संघटना काढली. १८९६ मध्ये बंड पेटलं. वर्षाअखेरीस, ३० डिसेंबरला, मनिलातल्या बागुम्बायानच्या मैदानावर रिझालला गोळ्या घातल्या. बंडाला त्याचा पाठिंबा नव्हता, हे त्यानं सांगूनही झालं होतं. वय पस्तीस.

यानंतर आलं ते क्रांतिकारकांचं स्वतःचं तिकीट. कुणाच्याही जुन्या कागदावर न छापलेलं. १२ जून १८९८ रोजी त्यांचा नेता एमिलियो आगिनाल्दो यानं काविते प्रांतातल्या कावित इथं स्वातंत्र्य जाहीर केलं, आणि त्याच्या सरकारनं २ सेंटाव्होचं लाल तिकीट काढलं. त्यावर राणी नाही, राजा नाही. त्रिकोण, सूर्य आणि तारे. शिवाय रजिस्टर पत्रांसाठी आणि वर्तमानपत्रांसाठी वेगळी तिकिटं होती. ज्या सरकारला जगातल्या एकाही मोठ्या सत्तेनं मान्यता दिलेली नव्हती, त्यानं वर्तमानपत्रांच्या टपालाचा दर ठरवून टाकावा, यात मला त्या माणसांची सगळी उमेद दिसते. राज्य चालवायचं म्हणजे तोफा लागतात, तसं पोस्टही लागतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मार्च १९०१ मध्ये अमेरिकी सैन्यानं आगिनाल्दोला पालानानला पकडलं. तोवर ही तिकिटं इतिहासजमा झाली होती.

अमेरिका तिथं आली कशी? १ मे १८९८ रोजी अ‍ॅडमिरल ड्यूईनं मनिलाच्या उपसागरात स्पॅनिश आरमार बुडवलं. डिसेंबरात पॅरिसला तह झाला आणि स्पेननं २ कोटी डॉलर घेऊन बेटं अमेरिकेच्या हवाली केली. ज्यांची बेटं त्यांना विचारलं नाही. १८९९ च्या जूनअखेर अमेरिकेची रोजच्या वापरातली तिकिटं ‘फिलिपिन्स’ हा एक शब्द छापून मनिलात विकायला आली. वॉशिंग्टन, फ्रँकलिन सगळे तसेच, फक्त अंगावर पाटी. त्या वेळी फेब्रुवारीपासून पेटलेलं फिलिपिनो-अमेरिकन युद्ध चालूच होतं.

१९०३ मध्ये पेसोची किंमत अर्धा डॉलर ठरली. सेंटचा हिशेब सेंटाव्होत गेला, आणि १९०६ मध्ये बेटांसाठी खास मालिका निघाली. ती वॉशिंग्टनच्या सरकारी छापखान्यात छापली गेली. ही मालिका नीट बघण्यासारखी आहे. पेसोच्या मोठ्या किमतींवर मनिला शहराचं बोधचिन्ह, बाकी दहा चेहरे. अमेरिकेचे मॅकिन्ली, लिंकन, वॉशिंग्टन, फ्रँकलिन. स्पेनच्या बाजूनं मॅगेलान आणि लेगास्पी, शिवाय मनिलाच्या पाणीपुरवठ्यासाठी मृत्युपत्रात पैसे ठेवणारा कारिएदो. मग दोन अमेरिकी योद्धे, जनरल लॉटन आणि अ‍ॅडमिरल सॅम्पसन. आणि फिलिपिनो किती? एक. २ सेंटाव्होवर रिझाल.

सॅम्पसन यांची नेमणूक चमत्कारिक आहे. ते लढले क्यूबात. मनिला जिंकणारे ड्यूई होते, पण ते तेव्हा हयात होते आणि हयात माणसाला तिकिटावर घ्यायचं नाही हा अमेरिकी रिवाज. १९१७ मध्ये ड्यूई वारले आणि पुढं १६ सेंटाव्होवर सॅम्पसन यांची जागा त्यांनी घेतली. लॉटन यांची कथा आणखी विलक्षण. १८८६ मध्ये अपाची पुढारी जेरोनिमोचा पाठलाग करणाऱ्या तुकडीचं नेतृत्व त्यांच्याकडं होतं. डिसेंबर १८९९ मध्ये सान मातेओच्या लढाईत ते मारले गेले, आणि समोरच्या फिलिपिनो फौजेच्या सेनापतीचं नाव होतं लिसेरियो हेरोनिमो. म्हणजे तेच नाव, स्पॅनिश उच्चारात. फिलिपिनो सैनिकांच्या गोळीनं पडलेल्या या जनरलचं १० सेंटाव्होचं तिकीट पुढं वर्षानुवर्षं फिलिपिनो माणसांनी जिभेनं ओलं करून पाकिटांवर चिकटवलं.

रिझालच का, हा प्रश्न फिलिपिन्समध्ये आजही निघतो. अमेरिकनांनी त्याला राष्ट्रपुरुष केलं, असं काही जण म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. आगिनाल्दोच्या सरकारनं १८९८ मध्येच ३० डिसेंबर हा त्याचा स्मृतिदिन पाळायला लावला होता. अमेरिकनांना तो सोयीचा वाटला हे मात्र खरं. त्यानं दोन कादंबऱ्या लिहिल्या, तलवार उपसली नाही. त्याचा राग स्पेनवर होता, अमेरिकेवर नव्हे. आणि तो मेलेला होता. बोनिफासियो गरीब घरातला, हातात कोयता घेतलेला. त्याला २ सेंटाव्होवर बसवणं म्हणजे रोज हजारो पाकिटांवरून बंडाची आठवण करून देणं. आगिनाल्दो तर जिवंतच होता. १९०१ मध्ये मनिलाशेजारच्या एका प्रांताला रिझालचं नाव दिलं गेलं, आणि पाच वर्षांनी त्याचा चेहरा साध्या पत्राच्या तिकिटावर आला. महागड्या तिकिटावरचा चेहरा दुकानदार पाहतात, स्वस्तातला सगळा देश पाहतो.

१९२६ मध्ये स्पेनचे वैमानिक गाल्यार्सा आणि लोरिगा माद्रिदहून विमान घेऊन निघाले आणि कराची, आग्रा, कलकत्ता करत १३ मे रोजी मनिलाला उतरले. त्यांच्या स्वागतासाठी चालू तिकिटांवर ‘एअर मेल १९२६ माद्रिद-मनिला’ असं छापलं गेलं. म्हणजे तिकीट अमेरिकेचं, कौतुक स्पेनचं आणि पोस्ट फिलिपिन्सचं. त्यातल्या काही तिकिटांवर चेहरा ज्या मॅगेलानचा, त्याला १५२१ मध्ये माक्तानच्या किनाऱ्यावर तिथला सरदार लापूलापू याच्या माणसांनी मारलं होतं. याच्यावर आणखी काही बोलायची गरज नाही.

१९३२ ची निसर्गचित्रांची मालिका ओव्हरप्रिंटची नाही, तरी तिच्याजवळ थांबायलाच हवं. २ सेंटाव्होवर मायोन ज्वालामुखी, ४ वर मनिलाचं नवं पोस्ट ऑफिस, २४ वर उत्तरेकडच्या डोंगरातली भातखाचरं. १८ सेंटाव्होवर धबधबा, खाली स्पष्ट लिहिलेलं: ‘पाग्सान्हान फॉल्स’. पाग्सान्हान लागुना प्रांतात आहे. अरुंद घळीतून होडीनं जावं लागतं, दोन्ही बाजूंना हिरवाईनं मढलेले कडे. तिकिटावर मात्र रुंद उघडा कडा आणि खाली सूचिपर्णी झाडं. पाहणाऱ्यांना शंका आली, आणि ती खरी ठरली. चित्र कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीमधल्या व्हर्नल धबधब्याचं होतं. वॉशिंग्टनला बसून तिकीट आखणाऱ्यांच्या हाती भलताच फोटो लागला, आणि छापून होईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. परक्या राज्याचं लक्षण म्हणून हे तिकीट दाखवायला मला नेहमी सोयीचं वाटतं. जुलूम नाही, द्वेष नाही, नुसतं बेफिकीरपण.

त्या ४ सेंटाव्होच्या तिकिटावरची पोस्टाची इमारत खरीच होती. वास्तुविशारद हुआन आरेल्यानो, पासिग नदीकाठ, उंच खांबांची रांग. १९४५ च्या मनिलाच्या लढाईत ती उद्ध्वस्त झाली, युद्धानंतर पुन्हा उभी राहिली आणि मे २०२३ मध्ये लागलेल्या आगीत आतून जळून गेली.

१९३५ मध्ये हवा पालटली. दहा वर्षांनी स्वातंत्र्य देण्याचं अमेरिकेनं कबूल केलं होतं. त्या वर्षीच्या मालिकेत १ पेसोवर मालोलोसचं बारासोआइन चर्च आहे, जिथं क्रांतिकारकांची काँग्रेस भरली होती. त्याच्या पुढच्याच तिकिटावर, २ पेसोवर, ड्यूईची मनिला उपसागरातली लढाई. हे दोन कागद शेजारी ठेवले की माणूस बुचकळ्यात पडतो, पण तडजोडीच्या काळात असंच चालतं. नोव्हेंबरमध्ये मानुएल केसोन या स्वायत्त राज्याचे अध्यक्ष झाले आणि या सगळ्या तिकिटांवर ‘कॉमनवेल्थ’ असा ओव्हरप्रिंट आला. राज्य पालटताना कुणीही न हरता आलेला हा एकमेव शिक्का.

मग जपान. ९ एप्रिल १९४२ रोजी बातान पडलं, ६ मे रोजी कोरेहिदोर. बातानला शरण आलेल्या सुमारे पंचाहत्तर हजार फिलिपिनो आणि अमेरिकी सैनिकांना उन्हातून चालवत नेलं. हजारो वाटेत मेले. आणि मेच्या मध्यावर मनिलाच्या पोस्टात एक तिकीट आलं. १९३५ चं, म्हशीसोबत उभ्या बाईचं ४ सेंटाव्होचं तिकीट, किंमत २ केलेली, आणि वर छापलेलं: ‘काँग्रॅच्युलेशन्स फॉल ऑफ बातान अँड कोरेहिदोर १९४२’. जपान्यांनी शत्रूच्या भाषेत, शत्रूच्या कागदावर, अभिनंदन केलं ते कुणाचं? तिकीट विकत घेणाऱ्याचं, ज्याचा भाऊ किंवा मुलगा त्या वाटेवर पडला असेल. इतका क्रूर कागद माझ्या पाहण्यात दुसरा नाही, आणि ज्यानं तो काढला त्याला बहुधा आपण काही वावगं करतोय असं वाटलंही नसेल.

१९४३ मध्ये जपान्यांची स्वतःची मालिका आली. एका तिकिटावर मायोन आणि फुजियामा शेजारी शेजारी. दोन्ही शंकूसारखे ज्वालामुखी, म्हणून सख्खे भाऊ. ऑक्टोबरमध्ये होसे लॉरेल यांच्या हाताखाली जपाननं ‘प्रजासत्ताक’ स्थापन केलं, आणि १९४४ च्या तिकिटांवर रिझालच्या जोडीला पाद्री बुर्गोस आणि मुत्सद्दी माबिनी आले. बुर्गोसना स्पॅनिशांनी १८७२ मध्ये गळा आवळून मारलं होतं. माबिनी आगिनाल्दोचे मुख्य मंत्री, ज्यांना अमेरिकनांनी ग्वामला हद्दपार केलं होतं. अमेरिकी अमलात तिकिटावर ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांना ती जपानी संगिनीच्या सावलीत मिळाली. नायक खरे, हेतू खोटा.

२० ऑक्टोबर १९४४ रोजी अमेरिकी जनरल मॅकआर्थर लेते बेटावर उतरला. ताक्लोबानला हंगामी राजधानी झाली. तिथं नव्या तिकिटांचा प्रश्नच नव्हता. कॉमनवेल्थच्या जुन्या तिकिटांवर रबरी शिक्क्यानं, जांभळ्या शाईत, एकेक करून ‘व्हिक्टरी’ मारलं गेलं. कुठं शिक्का तिरका, कुठं उलटा, कुठं अर्धाच उमटलेला. जानेवारी १९४५ मध्ये त्याची छापील आवृत्ती निघाली. त्याच महिन्यात मनिलात लॉरेल यांच्या चेहऱ्याचं तिकीटही निघालं, दातेरी कडाही न पाडलेलं. अमेरिकी फौजा ९ जानेवारीला लिंगायेनला उतरल्या होत्या. म्हणजे एकाच देशात, एकाच महिन्यात, एका टोकाला ‘व्हिक्टरी’ आणि दुसऱ्या टोकाला लॉरेल. दोन्ही सरकारं पत्रं पोचवत होती.

४ जुलै १९४६ ला स्वातंत्र्य मिळालं आणि त्यानंतर ही कथा थोडी शांत होते. १९५० च्या दशकात रोजच्या तिकिटांवर बुर्गोस, क्रांतिकारकांचे सेनापती आन्तोनियो लुना, बोनिफासियो आले. लापूलापूही आला, मॅगेलानच्या नंतर सुमारे पाच दशकांनी. त्यातल्या बोनिफासियोला १८९७ मध्ये मृत्युदंड दिला तो आगिनाल्दोच्या राजवटीनं, आणि लुनाला १८९९ मध्ये मारलं ते आगिनाल्दोच्या सैनिकांनी. एका मालिकेत सुखानं शेजारी बसलेल्या या मंडळींचे वारसदार अजून भांडतात. १९५७ मध्ये अध्यक्ष रामोन मॅगसेसे विमान अपघातात गेले आणि त्याच वर्षी त्यांचं तिकीट निघालं. मराठी घरांत हे नाव त्यांच्या पुरस्कारामुळं रुळलं: विनोबांना १९५८ मध्ये, चिंतामणराव देशमुखांना १९५९ मध्ये, बाबा आमट्यांना १९८५ मध्ये तो मिळाला.

१९६२ मध्ये अध्यक्ष माकापागाल यांनी स्वातंत्र्यदिन ४ जुलैवरून १२ जूनवर आणला. त्या दिवशीच्या संचलनाला प्रमुख पाहुणा म्हणून त्र्याण्णव वर्षांचा आगिनाल्दो हजर होता. १८९८ मध्ये ज्यानं लाल तिकीट काढलं होतं, तोच. मार्कोस यांच्या काळात अध्यक्षांचा चेहरा तिकिटांवर वारंवार दिसू लागला. फेब्रुवारी १९८६ मध्ये जनता रस्त्यावर उतरली, मार्कोस पळाले, आणि त्याआधी विमानतळावर गोळी घालून मारलेले विरोधी नेते निनोय आकिनो यांचं तिकीट त्याच वर्षी आलं. मार्कोस यांच्या चेहऱ्यावर काळी पट्टी मारायची गरज या वेळी कुणाला वाटली नाही. तिकिटाचं महत्त्वच तोवर ओसरलं होतं.

हा संग्रह करायचा म्हटलं तर खिशाला परवडतो. जपानी काळातली बहुतेक तिकिटं स्वस्त आहेत, १९३२ चा चुकीचा धबधबाही आवाक्यात आहे. आगिनाल्दोचं लाल तिकीट मिळतं, पण खऱ्या टपालात वापरलेलं पाकीट मिळणं कठीण. ताक्लोबानच्या जांभळ्या ‘व्हिक्टरी’पासून जपून राहावं. रबरी शिक्का करायला फारशी अक्कल लागत नाही, आणि बनावट शिक्के खूप निघाले आहेत. १८५४ ची ‘कोर्रोस’ कुणी स्वस्तात देऊ केली तर सरळ नको म्हणावं.